फौज पाठवण्याआधी आम्हालाही विचारा

वर्षावासात विहारात बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचायला बसलो की रोहिणी नदीचे प्रकरण आल्यावर आमच्या सोनईच्या बायाबापड्या सावरून बसतात. पाण्याच्या पाळीवरून भांडण कसे पेटते हे मुळा कालव्यावरच्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. शाक्यांच्या सेनापतीने संघापुढे कोलियांशी युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थ गौतमाने उभे राहून विरोध केला. दोन्हीकडची दोन-दोन माणसे घ्या, त्यांनी पाचवा निवडावा आणि या पाच जणांनी निवाडा करावा, अशी सूचना त्याने केली. मते घेतली गेली आणि युद्धाचा ठराव मोठ्या बहुमताने पास झाला. दुसऱ्या दिवशी सेनापतीने दुसरा ठराव आणला, की वीस ते पन्नास वर्षांच्या प्रत्येक शाक्याने सैन्यात दाखल व्हावे. आदल्या दिवशी ज्यांनी विरोधात मत दिले होते ते आता गप्प बसले. सिद्धार्थ पुन्हा उभा राहिला. घरच्यांवर बहिष्कार टाकू, जमिनी जप्त करू, अशा धमक्या आल्या तरी त्याने मत बदलले नाही.

म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून गृहत्याग केला ही गोष्ट बाबासाहेबांना पटली नव्हती. त्यांनी सांगितलेले कारण हे आहे. सभेत युद्धाच्या विरोधात दिलेले एक मत.

ही गोष्ट आम्ही दरवर्षी ऐकतो, तिला साधुकारही देतो. पण आपल्या संघात, म्हणजे दिल्लीच्या लोकसभेत, आपल्या वतीने जो माणूस बसतो त्याला आपण असे काही विचारतो का? रस्ता, घरकुल, विहाराचे कंपाउंड यासाठी आपण त्याच्या दारात जातो आणि जायलाच हवे. पण फौज परमुलखात पाठवायची की नाही, हे त्याला विचारायचे असते हेच आपल्याला कोणी सांगितलेले नाही. 2003 साली आम्ही विचारले होते. त्याची हकिगत आजच्या सुनांना आणि मुलींना ठाऊक असावी म्हणून लिहिते आहे.

त्या वर्षी मार्चमध्ये अमेरिकेने इराकवर हल्ला केला. एप्रिलमध्ये आपल्या लोकसभेने या हल्ल्याची निंदा करणारा ठराव एकमताने केला. आणि दोन महिने होत नाहीत तोच पेपरात बातम्या येऊ लागल्या, की अमेरिकेने भारताकडे एक डिव्हिजन मागितली आहे, सुमारे सतरा हजार जवान, उत्तर इराकसाठी. वाजपेयी सरकार विचार करत होते. मी तेव्हा नुकतीच बी.कॉम. होऊन कारकुनीला लागले होते, लग्नाला वर्ष झाले होते. माझा धाकटा दीर पायदळात होता. सासूबाई रोज संध्याकाळी एकच विचारायच्या, "त्याचं नाव लागंल का गं?" त्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. पेपरातही नव्हते.

आमच्या समाजाचे आणि फौजेचे नाते साधे नाही. सरकारने महारांची भरती बंद केली तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी 1894 साली अर्ज तयार केला, 1910 साली शिवराम जानबा कांबळे यांनी केला. आम्हाला सैन्यात घ्या, एवढेच मागणे. दुसऱ्या महायुद्धात बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि 1941 साली महार रेजिमेंट उभी राहिली. हिटलरविरुद्ध लढले पाहिजे असेच बाबासाहेबांचे मत होते. तेव्हा सगळी युद्धे सारखी असे आपण म्हणू शकत नाही, आणि वर्दीचा अभिमान सोडा असेही कोणी सांगू नये. पण अर्ज करून मिळवलेली नोकरी आहे म्हणून माणूस कुठेही पाठवावा, असा त्याचा अर्थ होत नाही.

वस्तीत श्रीलंकेत जाऊन आलेले एक सुभेदार काका होते. मी सह्यांचा कागद घेऊन गेले तर म्हणाले, "सूनबाई, फौजी विचारत नसतो, हुकूम ऐकतो. मी सही करणार नाही." मग बसवून घेतले आणि तासभर बोलले. 29 जुलै 1987 ला कोलंबोत करार झाला आणि लगेच आपल्या फौजा तिकडे उतरू लागल्या. आधी संसदेत विचारविनिमय नाही, मत नाही. शांतता राखायला म्हणून गेलेले जवान ऑक्टोबरात लढाईत होते. मग आणखी पलटणी, आणखी पलटणी, असे करत आकडा सत्तर हजारांच्या वर गेला. अकराशेहून जास्त जवान परत आले नाहीत. महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन 25 नोव्हेंबर 1987 ला तिथे पडले. त्यांना परमवीर चक्र मिळाले, त्या मोहिमेतले ते एकमेव. मार्च 1990 मध्ये शेवटची तुकडी मद्रासला उतरली तेव्हा स्वागताला राज्याचे मुख्यमंत्री गेले नाहीत. काका म्हणाले, "पाठवताना कोणी विचारलं नाही, आणल्यावर कोणी विचारलं नाही."

त्यांनी सही केली नाही. काकूंनी केली, त्यांच्यासमोर, चुलीजवळून उठून येऊन.

पत्र मीच लिहिले. हिशेबाची सवय असल्यामुळे भावनेचा मजकूर कमी ठेवला आणि तीन प्रश्न विचारले. ही फौज संयुक्त राष्ट्रांनी मागितली आहे की अमेरिकेने? आपल्या जवानाला हुकूम कोण देणार? आणि खर्च कोणाच्या खात्यावर पडणार? शेवटी लिहिले, की एप्रिलमध्ये आपण ज्या युद्धाची निंदा केलीत त्याच युद्धाला जूनमध्ये माणसे देऊ नयेत, आणि तसे आपण आपल्या पक्षाला व सरकारला लेखी कळवावे. त्रेसष्ट सह्या झाल्या. त्यात अठरा अंगठे.

सात बायका मिळून एका लोकप्रतिनिधीच्या संपर्क कार्यालयात गेलो. तिथला माणूस हसला. "ताई, हे दिल्लीचं काम आहे. बोअरचं काही असेल तर सांगा." मी म्हटले, "दिल्लीचं काम करायलाच तर साहेबांना दिल्लीला पाठवलंय." पत्र ठेवून जा म्हणाला. मी कारकून आहे, पत्र ठेवून जाणे म्हणजे काय ते मला माहीत आहे. पोच पाहिजे, शिक्का आणि आवक क्रमांक टाकून, म्हणून बसून राहिलो. दुपारी शिक्का मिळाला. साहेबांची गाठ पुढे एका लग्नात पडली तेव्हा त्यांना पत्र आठवत होते. "पक्ष ठरवेल तसं," एवढेच म्हणाले. बरोबरच्या आत्या म्हणाल्या, "मग पक्षाला आमचं पत्र वाचून दाखवा."

भारताच्या घटनेत युद्ध आणि शांतता हा विषय केंद्राच्या सूचीत आहे आणि फौज पाठवण्याचा निर्णय मंत्रिमंडळ घेते. त्यासाठी खासदारांचे मतदान घ्यावेच लागते असे नाही. म्हणून तर खासदाराने आधी तोंड उघडण्याला किंमत आहे. प्रश्न विचारणे, चर्चा मागणे, पक्षाच्या बैठकीत बोलणे, हे तो करू शकतो. त्या उन्हाळ्यात काँग्रेस आणि डाव्या पक्षांनी उघड विरोध केला, देशभर लोक बोलले, निवडणुकाही जवळ येत होत्या. सोनईच्या त्रेसष्ट सह्यांनी दिल्ली हलली असे म्हणण्याइतकी मी भोळी नाही. पण सरकारला जे अवघड वाटले ते अशाच ठिकठिकाणच्या कागदांनी आणि बोलण्याने वाटले.

13 जुलैला आषाढ पौर्णिमा होती, वर्षावास सुरू झाला. दुसऱ्या दिवशी, 14 जुलै 2003 ला, मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने फौज न पाठवण्याचे ठरवले. संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असता तर विचार केला असता, असे कारण दिले. रेडिओवर बातमी ऐकून सासूबाईंनी दिराच्या फोटोकडे पाहिले आणि भाकरी थापायला बसल्या. 19 ऑगस्टला बगदादमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या कचेरीवरच बॉम्बहल्ला झाला, बावीस माणसे गेली. ज्या संहारक शस्त्रांच्या नावाने युद्ध केले ती कधीच सापडली नाहीत.

आज आमच्या वस्तीतली पोरे पहाटे रस्त्याने धावतात. 2022 पासून अग्निवीर म्हणून चार वर्षांची भरती आहे, त्यातली जास्तीत जास्त चौथाई पुढे कायम होऊ शकतात. नेवासे तालुका आता शिर्डीच्या राखीव मतदारसंघात येतो. त्या पत्राची स्थळप्रत, शिक्क्यासकट, माझ्याकडे आहे. कोणाला नमुना म्हणून हवी असेल त्यांनी रविवारी वंदनेनंतर विहारात यावे. नावे आणि तारीख बदलून घ्यावी, तीन प्रश्न तसेच ठेवले तरी चालतील.