रंगाच्या बादलीतले खत

शेलारला आमच्या इमारतीसमोर एक मोकळा प्लॉट आहे. दिवसभर तिथे कचरा पडतो आणि रात्री कोणीतरी पेटवून देतो. ओला कचरा भडकत नाही, नुसता धुमसतो. फजरला उठावे तर खोलीत धूर भरलेला. शेजारच्या भाभींच्या सात वर्षांच्या मुलीला दमा आहे. एका रात्री तिला रिक्षातून दवाखान्यात न्यावे लागले, सोबत आम्ही दोघेही गेलो. उजाडताना परतलो तेव्हा त्या ढिगात आमचीच पिशवी अर्धी जळालेली दिसली. आदल्या दिवशीची कलिंगडाची साले तीतून बाहेर आली होती. जिना चढेपर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

घरात रंगकामातून उरलेल्या वीस-वीस लिटरच्या दोन बादल्या होत्या. पाण्यात मिसळायचा रंग होता, त्यामुळे घासून स्वच्छ झाल्या. पेचकस गॅसवर तापवून चारही बाजूंनी भोके पाडली, तळालाही पाच-सहा. तळाशी कौलाचे तुकडे आणि नारळाच्या शेंड्या, वर जुन्या ओढणीचा तुकडा सुतळीने बांधलेला, खाली गळणारे पाणी धरायला फुटक्या कडेची परात. भंगारवाल्याकडे निळे ड्रम स्वस्त मिळत होते, पण डाइंगमधून आलेल्या ड्रममध्ये आधी काय होते हे कोण सांगणार? खाण्याच्या झाडाला ते खत घालायचे होते, म्हणून ड्रम नको म्हटले.

ओल्या कचऱ्यात सुके काहीतरी मिसळावे लागते, एवढे ठाऊक होते. भिवंडीत सुक्याची काय कमी! मागाखालची रुई पिशवीभर आणली. कापूस झाडाचाच, कुजणारच, असा आमचा हिशोब. महिन्याभरात बादलीला असा वास सुटला की भाभी दारात आल्या. "आपा, आधी धूर होता, आता हा वास. पोरीला घेऊन आम्ही जायचे कुठे?" त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्या रडवेल्या झाल्या होत्या.

त्याच संध्याकाळी बादली गच्चीवर उपडी केली. आत रुईचा करडा नमदा झाला होता, ओला आणि घट्ट. तो कापूस नव्हताच, बराचसा पॉलिस्टर होता, वर मागाचे तेल. पॉलिस्टर कुजत नाही, आणि ओले होऊन दबले की हवेची वाट बंद करते. हवा नसली की कुजण्याऐवजी सडते. हातमोजे घालून तो सगळा वेचून काढला, दोन तास गेले.

मग पुठ्ठ्याचे रिकामे कोन आणले, सूत संपल्यावर ते फेकूनच देतात. भिजवून फाडले, सोबत वाळलेली पाने. एक वाटी ओले तर दोन वाट्या सुके. कार्बन आणि नायट्रोजनचे प्रमाण साधारण तीसास एक असावे म्हणतात. आम्हाला वाटीचे माप पुरले. मूठभर घेऊन दाबले की एक-दोन थेंब यावेत, धार नको. तिसऱ्या दिवशी ढवळायचे. हाडे, मांस, शिळे सालन बादलीत जात नाही. मध्येच जाड करड्या अळ्या दिसल्या आणि अम्मींनी बादली फेकायचा हुकूम काढला. त्या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या होत्या, कचरा झपाट्याने खातात. ती माशी चावत नाही आणि घरमाशीसारखी ताटावर येत नाही. अम्मींना हे पटलेले नाही, अजून नाही.

अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात इंदूरला काडीकचरा आणि शेणाचे थर रचून खताची पद्धत बसवली, ती जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून गेली. आपल्याकडे श्री. अ. दाभोलकरांच्या प्रयोग परिवाराने शहरातल्या गच्चीपर्यंत हा विचार आणला. शेण आमच्याकडे नव्हते. आंबट ताकाचा शिंतोडा दिला.

एक बादली भरली की ती झाकून ठेवायची आणि दुसरी सुरू करायची. पहिलीतले खत तीन महिन्यांनी हाती आले, काळे, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या मातीसारख्या वासाचे. भाभींच्या मुलीने तुपाच्या डब्यात ते भरून पुदिना लावला.

प्लॉट अजून धुमसतो. पण भाभी आता रोज असरनंतर झाकणाचा डबा पाठवतात, सालींनी भरलेला. त्यामुळे दुसरी बादली वीस दिवसांतच भरली. कोणाच्या घरी रंगकाम निघाले तर आम्ही चौकशी करून ठेवली आहे.