जड यंत्र आणि स्वच्छ तबकडी

उदगीरमध्ये सीडीवर शास्त्रीय गाणं ऐकणारे आम्ही मोजकेच. माझ्याकडे जुना डीव्हीडी प्लेअर आहे. तो फक्त तबकडीवरचे आकडे वाचतो, त्यांचा आवाज वेगळ्या डॅकमध्ये होतो. उन्हाळ्यात एक मित्र लातूरहून खास सीडी ट्रान्सपोर्ट, म्हणजे फक्त सीडी वाचणारं यंत्र, घेऊन आला. दोन्ही हातांनी उचलावं लागणारं धूड! किशोरी आमोणकरांचा ‘सहेला रे’ लावला तसा तो म्हणाला, “तानपुरा कसा मोकळा ऐकू यायलाय बघा, सर!” मलाही तसंच वाटलं.

तरी खात्री करायची होती. तीच सीडी त्याच्याकडेही होती. दोन्ही यंत्रं एकाच डॅकला जोडली आणि अदलाबदलीचं काम मुलीकडे देऊन आम्ही पाठमोरे बसलो. आमचे अंदाज नाणं उडवून सांगितल्यासारखे निघाले. मग एकच सीडी दोन्हींतून कॉम्प्युटरवर उतरवली, सुरुवात जुळवली आणि एकातून दुसरी वजा केली. बाकी शून्य.

सीडीवर सेकंदाला प्रत्येक चॅनेलचे 44,100 नमुने असतात, प्रत्येक 16 बिटांचा. ते विखरून, जोडीला दुरुस्तीचे जादा आकडे देऊन लिहिलेले असतात. त्यामुळे दोनेक मिलिमीटरचा ओरखडाही पूर्ण भरून निघतो. त्यापुढे मात्र यंत्र शेजारच्या नमुन्यांवरून अंदाज बांधतं, नाहीतर गप्प होतं. जुना डॅक ट्रान्सपोर्टच्याच घड्याळावर चालत असेल, तर वेळेतली थरथरही आवाजात उतरू शकते. माझा डॅक आकडे साठवून स्वतःच्या घड्याळाने सोडतो.

खरा फरक दिसला तो गावातल्या एका जुन्या मैफलीच्या, घरी लिहिलेल्या सीडीवर. अशा सीडीतला रंगाचा थर ऊन आणि उष्णतेने खराब होतो. माझ्या प्लेअरवर ती टक्‌टक् करत अडकली, मित्राच्या यंत्रावर बरीच सरळ चालली. मग मी प्लेअर उघडून लेन्सवरची धूळ काढली. सीडी मऊ सुती कापडाने पुसली, तीही मधून कडेकडे सरळ रेषेत. गोल पुसताना ओरखडा पडलाच, तर तो लिखाणाच्याच वाटेने जातो आणि सलग आकडे खातो. त्यानंतर माझ्या प्लेअरवरही मैफल जवळजवळ अखंड वाजली.

ट्रान्सपोर्टचा दर्जा महत्त्वाचा आहे, पण तो वाचण्यापुरता. आकडे बरोबर वाचले गेले आणि डॅकचं घड्याळ त्याचं स्वतःचं असेल, तर जड यंत्र तानपुऱ्यात काही भर घालत नाही. शिवाय चालू गाण्यात त्याला मागे जाऊन पुन्हा वाचायला सवड नसते, कॉम्प्युटरला असते. मी ती मैफल कॉम्प्युटरवर सावकाश, अडलेली जागा पुन्हापुन्हा वाचत उतरवली आणि प्रती मित्रांना दिल्या. ज्यांच्या घरी अशा लिहिलेल्या सीड्या आहेत, त्यांनी नव्या यंत्राचा विचार नंतर करावा. आधी त्या उतरवून घ्याव्यात, कारण ते गाणं बाजारात पुन्हा मिळणार नाही.