पेटीवरचे दोन डाग

लाकडावर पाण्याचा डाग पडला, की आधी त्याचा रंग बघावा. पांढरा असेल, तर ओल वरच्या पॉलिशमध्येच अडकलेली असते. काळा असेल, तर पाणी लाकडात उतरलेलं असतं. आजोबांच्या पेटी चरख्यावर हे दोन्ही डाग होते.

पेटी सागवानी. बंद केली की काखेत मारून नेता येते. उघडली की आत एक मोठं चाक, एक लहान, माळ आणि चाती. गांधीजींनी येरवडा तुरुंगात या घडणीचा पाठपुरावा केला, म्हणून तिला येरवडा चक्र म्हणतात. १९३६ मध्ये ते आमच्या सेवाग्रामला राहायला आले. वर्ध्यात १९३८ साली सुरू झालेल्या मगन संग्रहालयात चरख्यांचे नाना प्रकार बघायला मिळतात. आमचा मात्र घरातच राहिला.

पांढरं वर्तुळ पाहुण्यांच्या गार पाण्याच्या पेल्याचं. 'मेलामाइन मारून घे, नवी दिसेल,' असं घरातूनच सुचवलं गेलं. पण त्यासाठी जुना थर पुरता खरडावा लागतो. मी पेटीच्या तळाला कापसानं स्पिरिट लावून पाहिलं. थर चिकट झाला. म्हणजे लाखेचं पॉलिश. पळस, बोर, कुसुमावरच्या किड्यांची ही लाख स्पिरिटमध्ये विरघळते आणि सुकली की पुन्हा एकजीव होते. जुन्या कारागिरीतली ही मोठी सोय.

पावसाळ्यात हात लावला नाही. दमट हवेत स्पिरिट उडताना ओल धरते आणि नवा पांढरेपणा येतो. दिवाळीनंतर, मऊ सुती कापडाच्या बोळ्यावर चार थेंब घेऊन डागावरून अलगद फिरवलं. मध्ये थांबायचं नाही, नाहीतर कापड चिकटतं. तिसऱ्या खेपेला वर्तुळ गेलं. बारीक ओरखडे मेणानं भरले.

काळा डाग झाकणाच्या कडेला होता. तो काढायचा तर ऑक्झॅलिक ॲसिड लागतं. आत्याला सांगितलं, तर ती म्हणाली, "कायले काढतं तो? आंघोळ झाली की ओल्याच हातानं पेटी उघडत जाय बाबा. रोज."

खराबी कुठली आणि खूण कुठली, हे रंगावरून कळत नाही. ते विचारावं लागतं, आणि सांगणारं माणूस आहे तोवरच विचारावं लागतं. आत्या आता ब्याऐंशीची आहे.

त्या काळ्या कडेवर मी लाखेचा एक पातळ हात दिला, तो डाग टिकावा म्हणून.