वाकड्या टाक्यांची किंमत

आईनं शिवलेल्या बाळगोधडीचे सातशे रुपये ठरले होते. दुकानदारानं साडेपाचशे दिले. "काकू, टाके सरळ नाहीत. गिऱ्हाईक सफाई मागतं." आईनं नोटा मोजल्या, कनवटीला लावल्या आणि निघाली. मला ते अजून खुपतं.

गोधडी आजीच्या सुती लुगड्याची होती. धुऊन धुऊन खळ निघालेली, रंग जायचा तेवढा गेलेला. तान्ह्याच्या अंगाला असंच कापड लागतं. नवं टोचतं आणि ओलही नीट शोषत नाही. चार पदर जमिनीवर अंथरून आईनं तळहातानं सुरकुत्या काढल्या, कडा टाचल्या. मग काठापासून आत, चौकटीत चौकट, तांबडा धावदोरा. दोन ओळींत जेमतेम बोटभर अंतर. ते वाढलं की धुताना आतलं कापड गोळा होतं. लोक ज्याला नक्षी म्हणतात ती आतले पदर धरून ठेवणारी शिवण असते. मधोमध खणाच्या तुकड्याचा पोपट होता. त्याच्या डोळ्याला तिनं मणी लावला नाही, मूल तोंडात घालतं म्हणून. काळ्या दोऱ्याचे दोन टाके घेतले.

पुढे त्याच दुकानात मी हा पोपट पाहिला. किंमत चोवीसशे. सोबत छापील चिठ्ठी: 'टाका किंचित वाकडा आहे, कारण तो हाताचा आहे.' मी ती चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचली. दुकानाचं भाडं असतं, नोकरांचे पगार असतात, माल पडून राहतो, सगळं मान्य. नफ्याबद्दल माझं भांडण नाहीच. पण ज्या वाकडेपणासाठी आईचे दीडशे कापले, तोच दाखवून माल विकायचा? मी विचारलं, तर म्हणाला, "ताई, धंद्यात असं लिहावंच लागतं."

घरी येऊन मी आईला सांगितलं, त्याला पुन्हा काही द्यायचं नाही. ती म्हणाली, "मग देऊ कुणाला? बाबा गेल्यावर त्याच्याच कामानं माझा हात चालू राहिला." हेही खरंच आहे. त्याच्याकडून मागणी आली की घरात चिंध्यांचा ढीग पडतो आणि आई सकाळपासून तरतरीत असते. तरीही चिठ्ठी आठवली की माझं डोकं तापतं.

बाळासाठी गोधडी घ्याल तेव्हा उलटी करून बघा. आत पॉलिस्टरचा कापूस भरला असेल तर घेऊ नका. तो ओल शोषत नाही आणि अंग तापतं. मणी, टिकल्या, लोंबती लेस नको. बाळ झोपलं की तोंडावर काही येऊ देऊ नका. आणि पैसे देण्याआधी दुकानदाराला एवढं विचारा: शिवणारीला किती दिलेत?