कंसाबाहेरचे पद

'पद' हा शब्द गणितात आहे तसाच व्याकरणातही आहे, आणि दोन्हीकडे त्याच्याविषयी एकच प्रश्न पुष्कळदा पडतो: ते कोणाकोणाला लागू होते? भास्कराचार्यांनी ११५० मध्ये रचलेल्या 'लीलावती'त १३५ ला १२ ने गुणण्याचे उदाहरण आहे. त्याची एक रीत अशी: १२ चे ८ आणि ४ असे खंड करावेत, प्रत्येक खंडाने १३५ ला गुणावे आणि १०८० व ५४० यांची बेरीज घ्यावी, उत्तर १६२०. हाच वितरणाचा नियम शाळेत आपण अ(ब + क) = अब + अक असा शिकतो. कंसाबाहेरचे पद आतील प्रत्येकाच्या वाट्याला पूर्णपणे येते.

भाषाही असे वितरण करते. 'आईवडिलांना' या शब्दात प्रत्यय एकदाच येतो. आपण तो दोघांनाही लावतो. मात्र बोलण्यात कंस नसतो. 'तिघे हसले' म्हणजे प्रत्येक जण हसला. 'तिघांनी पलंग उचलला' म्हणजे बहुधा तिघांनी मिळून उचलला. कोणता अर्थ घ्यावा, हे संदर्भावरून ठरते, आणि संदर्भ नेहमीच दुबळ्याच्या बाजूने नसतो.

माझ्या लहानपणी आई आणि आत्या खुरपणीला जात. एकदा मुकादमाने रोज ठरवला: 'दोघींना दहा रुपये.' दोघींनी तो प्रत्येकीचा मानला; आठवड्याअखेरीस पाच रुपयांच्या हिशेबाने मजुरी हाती पडली. मुकादमाच्या वाक्यात दोन्ही अर्थ बसत होते, त्यामुळे भांडायला आधार उरला नाही. त्यानंतर काम धरण्यापूर्वी आई विचारीत असे, "दहा-दहा ना?"

व्याकरणाच्या पुस्तकात 'दहा-दहा', 'एकेक' यांना पृथक्त्ववाचक संख्याविशेषणे म्हटले आहे. विद्यार्थी ते नाव परीक्षेपुरते पाठ करतात. परंतु आईच्या त्या प्रश्नात द्विरुक्तीने कंसाचे काम केले होते: संख्या दोनदा उच्चारताच ती दोघींना स्वतंत्रपणे लागू झाली. आईला व्याकरण शिकण्याची संधी मिळाली नव्हती. गरजेने तिला ते शिकवले.

आपल्यापैकी अनेक जण नोकरी, शेती वा घर सांभाळून हा अभ्यास करीत आहेत. वाटणीपत्रावर किंवा करारावर सही करण्याचा प्रसंग आपल्यावर येतोच. तेथे रकमेच्या आधी 'प्रत्येकी' आहे की 'मिळून', हे अवश्य पाहावे. दोन्ही शब्द नसतील, तर सही करण्यापूर्वी ते लिहून घ्यावेत.