गुण न धरलेला सामना

चाचणीचा कागद हातात दिला की आमच्या वर्गात एक प्रश्न हमखास येतो, "बाई, याचे गुण धरणार का?" 'नाही' म्हटलं, की निम्मी पोरं पेन्सिल चावत खिडकीबाहेर बघू लागतात! मी चौथीला शिकवते, त्यामुळे हे दृश्य माझ्या चांगलं ओळखीचं आहे. म्हणूनच आज तुम्हांला एका सामन्याची हकीकत सांगते. त्याचे गुण कुठेच धरले जात नाहीत, तरी तो बघायला हजारो माणसं तिकीट काढून येतात.

२०२४ च्या फेब्रुवारीत ताईच्या बाळंतपणासाठी रजा काढून मी अमेरिकेत ॲरिझोना राज्यात गेले होते. तिचा थोरला मुलगा, म्हणजे माझा भाचा, दहा वर्षांचा. बेसबॉलचं वेड इतकं, की झोपतानाही चामड्याचा ग्लव्ह उशाशी! पण त्या दिवसांत स्वारी जरा घुश्शात होती. "मावशी, आमच्या टीममध्ये मला शेवटचे दोनच डाव देतात. मी नावच काढून टाकणार आहे," असं त्याचं चाललं होतं. ताई म्हणाली, "तू याला एक मॅच दाखवून आण. हे सोडतील तुम्हांला गाडीने."

आता हा सामना कसला, ते सांगते. अमेरिकेतला मोठा बेसबॉलचा मोसम मार्चअखेर सुरू होतो. एकेका संघाला १६२ सामने खेळावे लागतात. त्याआधी उत्तरेकडे थंडी असते, म्हणून सगळे ३० संघ सरावाला उबदार प्रदेशात उतरतात. १५ फ्लोरिडात आणि १५ ॲरिझोनात. फ्लोरिडातल्या सराव-सामन्यांना 'ग्रेपफ्रूट लीग' म्हणतात. ग्रेपफ्रूट म्हणजे आपल्या पपनसाच्या जातीचं फळ. ॲरिझोना पडला वाळवंटी मुलूख, म्हणून तिथली 'कॅक्टस लीग', म्हणजे निवडुंगाची! आहे की नाही गंमत?

आम्ही गेलो ते मैदान स्कॉट्सडेल शहराजवळ आहे. पिमा आणि मारिकोपा या तिथल्या मूळ रहिवाशांच्या जमिनीवर ते २०११ साली उभं राहिलं. भाच्याचा लाडका डायमंडबॅक्स संघ इथेच सराव करतो. आदल्याच वर्षी हा संघ 'वर्ल्ड सिरीज' या अंतिम लढतीपर्यंत पोहोचून हरला होता. त्यामुळे भाच्याला त्यातला एकेक खेळाडू तोंडपाठ.

खुर्च्यांपेक्षा आम्हांला सीमेपलीकडचा हिरवळीचा उतार आवडला. तिथे सतरंजी अंथरून बसायचं, शेंगा सोलायच्या आणि सामना बघायचा. अगदी आपल्या जत्रेतल्या कुस्त्यांसारखं! टोलवलेला चेंडू प्रेक्षकांत आला, तर तो ज्याला मिळेल त्याचा. परत द्यावा लागत नाही. म्हणून लहान मुलं ग्लव्ह घालूनच बसलेली असतात.

खेळ थोडक्यात असा. मैदानावर चौकोनाच्या चार कोपऱ्यांत चार बेस असतात. एका बेसपासून दुसरा ९० फुटांवर. पिचर चेंडू टप्पा न पाडता थेट फेकतो. फलंदाजाने तो मारायचा आणि धावत बेस गाठायचे. फेरी पुरी झाली की एक धाव. तीन गडी बाद झाले की बाजू बदलते. असे नऊ डाव.

पहिले तीन डाव भाचा नुसता नाचत होता. त्याचे सगळे हिरो मैदानात! पण चौथ्या डावापासून एकेक हिरो आत जाऊ लागला. मोसमाच्या सुरुवातीला मोठ्या खेळाडूंना थोडंच खेळवतात, अंगाला जरा सवय व्हावी एवढंच. त्यांच्या जागी नवी पोरं आली. पाठीवर ७८, ८५, ९१ असले मोठमोठे आकडे. सहाव्या डावानंतर बरेच लोक उठून चालू लागले. भाचाही म्हणाला, "चल मावशी, आता कुणी उरलं नाही."

मी म्हटलं, "थांब रे. तिकिटाचे पैसे नऊ डावांचे दिलेत!"

आमच्या पुढे एक बाई बसल्या होत्या. इतका वेळ शांत होत्या. सातव्या डावात नव्वदच्या पुढच्या आकड्याचा एक मुलगा आत आला आणि त्या ताडकन उभ्या राहिल्या. त्या आकड्याकडे बोट दाखवून, मग स्वतःच्या छातीवर हात ठेवून स्पॅनिशमध्ये काही बोलल्या. भाच्याला शाळेतलं थोडं स्पॅनिश येतं. तो हळूच म्हणाला, "तो त्यांचा मुलगा आहे, मावशी."

मग आम्ही दोघंही त्याच्याकडेच बघत राहिलो. नवव्या डावात त्याची फलंदाजी आली. चेंडू बॅटला लागला, पण सरपटत सरळ क्षेत्ररक्षकाच्या हातात. आता हा बाद होणार, हे मलाही कळलं. पण तो पोरगा काय धावला म्हणता! टोपी उडाली, तरी मागे पाहिलं नाही. चेंडू त्याच्या कितीतरी आधी बेसवर पोहोचला. बाद! त्याच्या आईने मात्र होम रन मारल्यासारख्या टाळ्या वाजवल्या.

"आउटच होता, मग एवढा का धावला?" भाच्याने विचारलं.

मी म्हटलं, "तूच सांग."

तो बराच वेळ बोलला नाही. मोठ्या खेळाडूंची जागा पक्की असते, पण या पोरांची नसते. मुख्य शिबिरात साठेक खेळाडू असतात आणि मोसमाच्या संघात जागा फक्त २६. बाकीचे पुन्हा खालच्या लीगमध्ये जातात. तिथे चार पायऱ्या आहेत, एकेक वर्ग चढत यावं तशा. उत्तर प्रदेशातले आपले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल २००८ साली पिट्सबर्ग पायरेट्स संघात दाखल झाले, तेही या खालच्या पायऱ्यांवरच खेळले. सगळ्यांत वर पोहोचणारे थोडेच. फलकावरच्या धावा कुणी धरत नाही, पण त्या मुलाचं धावणं कोचच्या वहीत नोंदलं जात असतं.

घरी जाताना गाडीत भाच्याने आपल्या वहीत तो आकडा लिहून ठेवला. पुढच्या आठवड्यात मी त्याच्या टीमचा सराव बघायला गेले. शेवटचेच दोन डाव मिळाले. चेंडू सरपटत गेला, बाद होणार हे उघड होतं. पण आमचे चिरंजीव असे सुसाट सुटले, की ग्लव्ह सांभाळणाऱ्या मुलांनीसुद्धा मान वळवून पाहिलं.

तो नव्वदच्या पुढचा मुलगा त्या वर्षी २६ जणांत आला नाही. भाच्याने शोधून काढलं, तो खालून दुसऱ्या पायरीवर खेळत होता. फोनवर मला म्हणाला, "मावशी, अजून दोन पायऱ्या राहिल्यात त्याच्या." नाव काढून टाकायचा विषय मात्र त्याने पुन्हा काढला नाही.