टोचण्याआधी पाहणे

सोनारानेच कान टोचावेत ही म्हण आपण सारेच वापरतो. तिच्या मुळाशी असलेले साधे शहाणपण मात्र विसरतो. जाणता सोनार तार हातात घेण्यापूर्वी कानाची पाळी दोन बोटांत धरतो, उजेडाकडे वळवतो, जाडी अजमावतो आणि मगच जागा ठरवतो. तो आधी पाहतो, मग टोचतो. आज मला हीच गोष्ट बेंबीविषयी सांगायची आहे.

विषय पाहून कुणाच्या कपाळाला आठी पडली असेल, तर ते स्वाभाविक आहे. आमच्या विजयदुर्गासारख्या गावातही मे महिन्यात आणि गणपतीला मुंबई-पुण्याहून नाती येतात आणि एखादी बेंबीत बाळी घालण्याचा मनोदय बोलून दाखवते. मग आजी तिला घेऊन दवाखान्यात येते. "डॉक्टरानू, ह्या चेडवाक जरा समजवा," एवढेच तिचे म्हणणे असते. नात सज्ञान असते, पैसे तिचे स्वतःचे असतात. आपण 'नाही' म्हटल्याने ती थांबेलच असे नाही. ती गुपचूप टोचून घेईल आणि पुढे जखम चिघळली तर तेही लपवील. मला भीती वाटते ती या लपवण्याची. म्हणून योग्य-अयोग्याचा वाद न घालता मी एकच प्रश्न पुढे ठेवतो : तिच्या शरीरात त्या दागिन्याला जागा आहे का?

हा प्रश्न नवा नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळावा अध्याय कान टोचण्यासंबंधीच आहे. बाळाच्या सहाव्या किंवा सातव्या महिन्यात, पाळी डाव्या हाताने ओढून, सूर्यप्रकाशात जेथे नैसर्गिक पातळ जागा दिसते तेथेच टोचावे, असे त्यात सांगितले आहे. पाळी पातळ असेल तर सुई, जाड असेल तर आरी. जागा चुकली तर कालिका, मर्मरिका आणि लोहितिका या शिरा दुखावून ज्वर, वेदना व सूज येते, याचीही तेथे नोंद आहे. फाटलेली पाळी जोडण्याच्या पंधरा रीती त्याच अध्यायात आहेत.

आपल्या आज्यांच्या दागिन्यांतही हा भेद दिसतो. कुडी पाळीत असते, बुगडी कानाच्या वरच्या कडेला. पाळी म्हणजे त्वचा आणि चरबी. तेथील छिद्र साधारण दीड-दोन महिन्यांत भरून येते. वरच्या कडेत कूर्चा असते. तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसल्याने जखम कित्येक महिने रेंगाळते आणि पू झाला तर कानाचा आकार कायमचा बिघडू शकतो. एकाच कानात, दोन बोटांच्या अंतरावर, शरीराचा स्वभाव असा बदलतो.

आता बेंबी. नाळ गळून पडल्यावर उरलेला तो एक व्रण आहे. बाळी प्रत्यक्ष बेंबीत नव्हे, तर तिच्या वरच्या काठाशी असलेल्या त्वचेच्या घडीतून घालतात. ती घडी चिमटीत धरता येईल अशी, पुढची व मागची बाजू स्पष्ट असलेली हवी. कित्येकांची बेंबी सपाट असते, कित्येकांची बाहेर आलेली. तेथे अशी घडी नसतेच. मुलीला उभी करून पाहावे, मग खुर्चीवर बसवून पाहावे. बसल्यावर बेंबी मिटून तिची आडवी रेघ होत असेल, तर दागिन्यावर सतत दाब येतो. शरीर त्याला हळूहळू बाहेर ढकलते आणि शेवटी त्वचा फाटून व्रण उरतो. तिसरी परीक्षा खोकण्याची. उभ्याने खोकताना, किंवा उताणे झोपून मान उचलताना बेंबीशी फुगवटा आला, तर तो हर्निया असू शकतो. तेथे सुई लावायची नाही, डॉक्टरांना दाखवायचे.

काही महिन्यांपूर्वी एका नातीला मी हे समजावीत होतो. सोबतची सत्तरीची आजी ऐकता ऐकता गप्प झाली. नात बाहेर गेल्यावर हळूच म्हणाली, "माका पण खोकल्यार असा फुगता." चौथ्या बाळंतपणापासून तो फुगवटा ती लुगड्याच्या ओच्याआड लपवीत होती. दाखवायचे कसे, हीच लाज. तपासले तेव्हा हर्नियाच निघाला. वेळेत कळल्यामुळे शस्त्रक्रिया सवडीने, तयारीनिशी झाली.

म्हणून ज्येष्ठांनो, आणि त्यांना आंघोळ घालणाऱ्या लेकी-सुनांनो, बेंबी आपलीही पाहा. खोकताना येणारा फुगवटा, तेथून येणारा स्राव, लाली किंवा नव्याने जाणवणारी कडक गाठ यांपैकी काहीही दिसल्यास डॉक्टरांना दाखवा. फुगवटा एकाएकी टणक होऊन दुखू लागला, आत जाईनासा झाला किंवा सोबत उलट्या सुरू झाल्या, तर रात्र काढू नका. तत्काळ रुग्णालय गाठा. आतडे अडकलेले असू शकते.

नातीची बेंबी योग्य निघाली तरी आणखी काही गोष्टी विचाराव्यात. जुन्या जखमांचे व्रण फुगून वाढतात का? मधुमेह आहे का? निकेलच्या खोट्या दागिन्याने खाज सुटते का? धनुर्वाताची आणि कावीळ-बीची लस झाली आहे का, हे लसीकरणाच्या कार्डावर पाहावे. सुई नवी व निर्जंतुक हवी. कान टोचण्याची बंदूक येथे चालत नाही. दागिना टायटॅनियमचा, किंचित वक्र दांडीचा असावा. जखम पूर्ण भरण्यास सहा महिने ते वर्ष लागते. तोवर परकराची नाडी वा जीन्सचा पट्टा तेथे घासू नये. आमच्या किनाऱ्यावरील दमट हवेत घाम मुरतो, म्हणून जागा कोरडी ठेवावी आणि समुद्रात, तळ्यात, विहिरीत डुंबणे टाळावे. सलाइनने पुसावे, हळद-तेल लावू नये. पू, ताप किंवा पसरती लाली दिसली तर दागिना स्वतः काढू नये. छिद्र मिटून पू आत कोंडतो, म्हणून आधी डॉक्टरांकडे यावे.

घरातील वडीलधाऱ्यांनी परवानगी द्यावी की नाही, हा त्यांचा प्रश्न आहे; त्यात मी पडत नाही. एवढेच सांगतो की नातीला "नको" म्हणण्याआधी "ये, बसून पाहू" असे म्हणावे. पाहिल्यावर कित्येकदा तिलाच कळते की येथे जागा नाही, आणि ती आपणहून थांबते. जागा असली आणि तिने टोचून घेतलेच, तर दुखताक्षणी ती आजीला सांगेल. त्या सांगण्याने उपचार वेळेवर होतो.